चार पिना, पंधरा पिना

आजची गोष्ट डेस्कटॉपच्या पोटातल्या एका वायरची.

1981 साली आयबीएमचा पीसी आला. त्याच्या फ्लॉपी ड्राइव्हला वीज देणारा प्लग चार पिनांचा, चांगला जाडजूड: पिवळी वायर 12 व्होल्टची, लाल 5 व्होल्टची, मधल्या दोन काळ्या ग्राउंडच्या. लोक त्याला सरसकट मोलेक्स म्हणू लागले. पुढे हार्ड डिस्कलाही वर्षानुवर्षं तोच चालला.

2003 च्या सुमारास साटा आलं. नवा प्लग चपटा, 15 पिनांचा. पण पीसीतला पॉवर सप्लाय जुनाच! मग दोघांच्या मध्ये अडॅप्टर बसला.

गडबड इथेच झाली. काही स्वस्त अडॅप्टरमध्ये वायरींभोवती प्लास्टिक ओतून प्लग बनवतात. आत पिना अगदी खेटून. एखादी जरा सरकली, शेजारणीला टेकली, की शॉर्ट! प्लास्टिक वितळतं, कधी पेटतंही. म्हणून तर इंग्रजीत म्हणच पडली: ‘मोलेक्स टू साटा, लूज युअर डेटा’.

तेव्हा जुन्या पीसीत एसएसडी टाकताय? आधी पॉवर सप्लायचाच साटा प्लग मोकळा आहे का बघा. नसेल, तर प्रत्येक वायर प्लगमध्ये वेगवेगळी बसवलेला अडॅप्टर घ्या. अडॅप्टर पुन्हा मिळेल हो, फोटो नाही मिळणार.