पात्याची चकाकी
आपल्या पेण-रोह्याकडे विळीवर कैरी चिरली की पोलादी पाते काळे पडते. पावसाळ्यात ते पुसून ठेवले नाही, तर रात्रीतून गंज चढतो. सुऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या इंग्लंडमधील शेफील्ड शहरातही हीच अडचण होती. १९१३ साली तेथे हॅरी ब्रेअर्ली बंदुकीच्या नळ्यांसाठी नवे पोलाद शोधत होते. सुमारे १३ टक्के क्रोमियम असलेल्या पोलादावर व्हिनेगर व लिंबाचा रस यांचा फारसा परिणाम होत नाही, असे त्यांना आढळले. त्यांनी त्याच्या सुऱ्या करवून घेतल्या. मात्र पात्याला नीट पाणी देऊन ते घासून गुळगुळीत केले, तरच ते गंजापासून चांगले वाचे.

असे का? क्रोमियम व हवेतील ऑक्सिजन यांच्या संयोगाने पात्यावर काही नॅनोमीटर जाडीचा संरक्षक थर तयार होतो. ओरखड्यांत खारट पाणी साचून राहिले, तर तो तेथे तुटतो. म्हणजे चकाकी ही नुसती शोभा नव्हे. पण धार चकाकीत नसते. ती कडेच्या बारीकपणात असते. बाजारात सुरी निवडताना आपण नेमका हाच फरक विसरतो.

कैरीची एक फोड विळीच्या पात्यावर व दुसरी स्टेनलेस सुरीवर तासभर ठेवली, तर ब्रेअर्लींचे निरीक्षण आपल्याला वर्गातच पडताळता येईल.