हातोड्यांचे मालक

लंडनच्या वेस्ट हॅम युनायटेड या फुटबॉल संघाचं बोधचिन्ह आपण टीव्हीवर पाहिलं असेल. एकमेकांना छेदणारे दोन हातोडे. फुटबॉलचा आणि हातोड्यांचा काय संबंध, हे कोडं मला बरेच दिवस होतं. त्याचा धागा मिळाला तो गांधीजींच्या आत्मकथेत.

हे हातोडे जहाजांचे रिव्हेट ठोकणाऱ्या कामगारांचे. थेम्स आयर्नवर्क्स हा त्यांचा कारखाना आणि आर्नल्ड हिल्स (१८५७–१९२७) हे त्याचे मालक. हिल्स स्वतः खेळाडू. ऑक्सफर्डकडून १८७७चा एफए कपचा अंतिम सामना खेळलेले, १८७९मध्ये इंग्लंडच्या संघात असलेले. श्रीमंताघरचे, तरी काही वर्षं कॅनिंग टाउनच्या कामगार वस्तीत राहिले. दारू वर्ज्य, मांस वर्ज्य. आणि गंमत पाहा, त्यांचा कारखाना मात्र युद्धनौका बांधायचा!

१८९०च्या सुमारास संपांनी कारखाना हादरला. हिल्स यांनी १८९२मध्ये कामगारांना नफ्यात वाटा देण्याची योजना आणली, १८९४मध्ये कामाचा दिवस आठ तासांचा केला आणि १८९५मध्ये कारखान्याचा फुटबॉल संघ काढला. १९००मध्ये तोच वेस्ट हॅम युनायटेड झाला.

हेच हिल्स लंडनच्या शाकाहारी मंडळाचे अध्यक्ष होते. मंडळ चालायचं मुख्यतः त्यांच्या पैशावर. कार्यकारिणीत एक तरुण बॅरिस्टरीचा विद्यार्थी होता, मोहनदास गांधी. डॉ. ॲलिन्सन हे सभासद संततिनियमनाचा पुरस्कार करत. हिल्स यांना ते अनीतीचं वाटे. १८९१मध्ये डॉक्टरांना काढून टाकण्याचा ठराव आला. संततिनियमनाबाबत गांधीजींचं मत हिल्स यांच्याच बाजूचं होतं. पण शाकाहार मानणाऱ्याला दुसऱ्या मतासाठी मंडळाबाहेर घालवणं त्यांना अन्यायाचं वाटलं. त्यांनी विचार लिहून आणले, मात्र वाचायला तोंड उघडेना. अखेर अध्यक्षांनीच ते दुसऱ्याकडून वाचून घेतले. ठराव मंजूर झाला, डॉक्टर गेले.

मला या प्रसंगात हिल्स यांचा मोठेपणा दिसतो आणि त्याची मर्यादाही. विरोधकाचे शब्द वाचले जावेत एवढी सभ्यता त्यांच्याकडे होती. पण आपण ज्यांचं भलं करतो, त्यांनी आपल्याच नीतीनं वागावं, ही अपेक्षा सुटत नव्हती. अन्नदात्याला ती फार लवकर जडते. आपल्याकडचे संस्थाचालक, देणगीदार आठवून पाहा!

१९१८मध्ये अहमदाबादच्या गिरणी संपात गांधीजी कामगारांच्या बाजूनं उभे राहिले. समोर होते अंबालाल साराभाई, त्यांच्या आश्रमाला अडचणीच्या वेळी मदत केलेले गिरणीमालक. त्याचं मूळ लंडनच्या त्या बैठकीत होतं, असं मी म्हणणार नाही. पण उपकार आणि न्याय यांचे हिशेब वेगळे ठेवावे लागतात, हे त्या लाजऱ्या विद्यार्थ्याला आधीच ठाऊक होतं.

कारखाना १९१२मध्ये बंद पडला. हातोडे मात्र खेळाडूंच्या छातीवर राहिले. त्यावर मालकाचं नाव नाही, कामगारांचं हत्यार आहे. हे मला फार आवडतं.