मुळशीचे पाणी आणि डनिचचा समुद्र

पुण्याहून पौडमार्गे ताम्हिणी घाटाकडे जाताना उजव्या-डाव्या हाताला डोंगर सरकत राहतात आणि मग मुळशीचा जलाशय दिसू लागतो. पर्यटनाच्या माहितीपत्रकांत या परिसराचे वर्णन ठरावीक असते. 'निसर्गरम्य' हे विशेषण त्यात टळत नाही. विस्तीर्ण जलाशय, काठावरचा कैलासगड, पलीकडचे घनगड आणि कोराईगड, अंधारबनाची पायवाट, पावसाळ्यातले धबधबे आणि भाजलेली कणसे. यातले काहीच खोटे नाही. मात्र या वर्णनात जलाशयही निसर्गाचाच भाग होऊन येतो. सह्याद्रीचे कडे जसे पूर्वापार, तसे हे पाणीही पूर्वापारच असावे, असा वाचणाऱ्याचा समज होतो.

वास्तविक हे पाणी अजून शंभर वर्षांचेही झालेले नाही. मुळा आणि नीला या नद्यांच्या संगमाजवळचे धरण १९२७ मध्ये पूर्ण झाले. तत्पूर्वी येथे भाताची खोरे होती. मुळशीचा आंबेमोहोर पुण्याच्या बाजारात नावाजलेला होता. टाटांच्या वीजकंपन्यांनी त्याआधी लोणावळ्याच्या पाण्यावर खोपोलीचे (१९१५) आणि आंध्रा खोऱ्याच्या पाण्यावर भिवपुरीचे (१९२२) केंद्र उभारले होते. मुंबईच्या गिरण्यांना आणखी वीज हवी होती, आणि त्यासाठी तिसरी योजना मुळशी पेट्यात आखली गेली. जमिनी घेण्यासाठी १८९४चा भूसंपादन कायदा हाताशी होता. 'सार्वजनिक प्रयोजन' या त्यातल्या दोन शब्दांत एका खाजगी कंपनीची योजनाही बसू शकली. पुढे २०१३ मध्ये नवा कायदा येईपर्यंत हा शब्दप्रयोग आपल्याकडे किती गावांवरून फिरला, याचा हिशेब भाषेच्या अभ्यासकांनीही एकदा मांडायला हरकत नाही.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले आणि सत्याग्रहाला तोंड फुटले. काम काही काळ थांबले. त्याच महिन्यात गांधीजींनी 'यंग इंडिया'तून टाटांना उद्देशून लिहिले. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही उपाधी मिळाली ती या लढ्यात, हे बहुतेकांना माहीत असते. 'काळ'कर्ते शिवराम महादेव परांजपे यांनीही मुळशीसाठी तुरुंगवास भोगला, हे त्या मानाने कमी जणांना ठाऊक असते. मराठी गद्याच्या अभ्यासक्रमात परांजप्यांची वक्रोक्ती आपण हटकून शिकवतो. १९२९च्या बेळगावच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, हेही सांगतो. मुळशी मात्र त्या चरित्र-टिपणात सहसा येत नाही.

या लढ्याचे चित्र 'कंपनी विरुद्ध शेतकरी' असे सरळ रेषेत काढले की ते देखणे दिसते, पण अपुरे राहते. राजेंद्र व्होरा यांनी मुळशीवरील आपल्या अभ्यासात दाखवून दिल्याप्रमाणे, खोऱ्यातल्या कितीतरी जमिनी आधीच पुण्याच्या सावकारांकडे गेल्या होत्या. त्यांना भाव चांगला मिळाला तर हवाच होता. जमीन कसणारा मावळा मात्र त्या जमिनीबरोबर गाव, देऊळ आणि नातीगोतीही गमावणार होता. नेतृत्व शहरातले, मालकी बरीचशी शहरातली, आणि बुडणार होते खेड्यातले घर. लढा मोडला त्याची कारणे शोधताना दडपशाहीइतकीच ही आतली फटही मोजावी लागते. १९२४ मध्ये बापटांनी पिस्तूल घेऊन धरणाच्या कामाची आगगाडी अडवली. अहिंसेची चौकट त्यांनी उघडपणे ओलांडली आणि त्यापायी सात वर्षांची शिक्षा स्वीकारली. या कृतीला सत्याग्रह म्हणावे की नाही, यावर आजही वर्गात चांगला वाद होऊ शकतो. माझ्या मते ती हरलेल्या लढ्याची साक्ष नोंदवणारी कृती होती. धरण थांबेल अशी आशा तोवर फारशी उरलेली नव्हती.

येथे इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील एका खेड्याची आठवण होते. सफोक परगण्यातले डनिच हे मध्ययुगात भरभराटीचे बंदर होते. १२८६पासूनच्या मोठ्या वादळांनी बंदर गाळाने बुजवले आणि गाव तुकड्यातुकड्याने समुद्रात ढासळत गेले. गाव जवळजवळ नाहीसे झाले तरी १८३२च्या सुधारणा कायद्यापर्यंत ते पार्लमेंटवर दोन प्रतिनिधी पाठवत होते! शेवटचे जुने चर्च कड्यावरून कोसळत कोसळत १९१९पर्यंत संपले. म्हणजे मुळशीचा लढा सुरू होण्याच्या दोनच वर्षे आधी. आज डनिच ही शे-दीडशे वस्तीची जागा आहे, आणि तिथे जाणाऱ्याला गमावलेले गावच दाखवले जाते. मठाचे अवशेष, छोटे संग्रहालय, पाण्याखालून चर्चच्या घंटा ऐकू येतात ही दंतकथा. टर्नरने ते रंगवले, स्विनबर्नने त्यावर दीर्घ कविता लिहिली, आणि झेबाल्ड या जर्मन लेखकाच्या १९९५मधल्या पुस्तकातही ते येते.

हे साम्य फार ताणू नये. डनिच समुद्राने गिळले, आणि समुद्राला प्रतिवादी करता येत नाही. मुळशी बुडवण्याचा निर्णय माणसांनी घेतला, त्यावर सह्या झाल्या, मोबदल्याची पत्रके निघाली. कदाचित म्हणूनच डनिचचा विलाप करता येतो आणि मुळशीचा करताना कुणाचे तरी नाव घ्यावे लागते. मराठी साहित्याने मुळशीला अगदीच वाऱ्यावर सोडले असे नाही. लढ्यातले कार्यकर्ते विनायकराव भुस्कुटे यांनी या सत्याग्रहावर पुस्तक लिहून ठेवले आहे. पण बुडालेल्या गावाच्या आतून, तिथल्या बाईच्या किंवा कुळाच्या तोंडून बोलणारी कादंबरी मुळशीच्या वाट्याला आली असती, तर सहलीला येणाऱ्याला पाण्याकडे पाहताना काही वेगळे दिसले असते. उजनीचे पाणी ओसरले की पळसदेवचे देऊळ उघडे पडते आणि लोक ते पाहायला धावतात. दगडाने केलेली ही आठवण आहे, शब्दांनी केलेली नव्हे.

आणि याच मुळशी तालुक्यात वरसगाव धरणाच्या काठी पोर्तोफिनो या इटालियन सागरी गावाच्या धर्तीवर लवासा उभे राहिले. रंगीत दर्शनी भिंती, पाण्यालगतचा फेरफटक्याचा रस्ता, समुद्र तेवढा नाही. २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याचा आदेश दिला, २०१८ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. परदेशी किनाऱ्याची प्रतिकृती येथे करावीशी वाटली. तिथून जवळच असलेल्या स्वतःच्या बुडालेल्या काठाची गोष्ट सांगावीशी कुणाला वाटली नाही.

मुळशीचे पाणी मात्र खऱ्या समुद्राला मिळते. मुळेचा मूळ ओघ पूर्वेचा: पुण्यात मुठेला, मग भीमेला, कृष्णेला आणि अखेर बंगालच्या उपसागराला. धरणाने तो उलटा फिरवला. सुमारे ५०० मीटर खाली भिरा येथे वीज देऊन हे पाणी कुंडलिकेत पडते. कोलाडला हौशी लोक रबरी तराफ्यांतून ज्या वेगवान धारेवर स्वार होतात, ती भिऱ्याहून सोडलेल्या याच पाण्याची. तिथून ते रोह्यावरून रेवदंड्याच्या खाडीत जाते, आणि कोर्लईच्या किल्ल्याला वळसा घालून अरबी समुद्रात शिरते.