सावंतवाडी गंजिफा

सावंतवाडी गंजिफा हे महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडी येथे तयार होणारे, हाताने रंगवलेले गोल आकाराचे खेळाचे पत्ते आहेत. पौराणिक व्यक्तिरेखांच्या चित्रांनी सजलेला हा संच सरकत्या झाकणाच्या, रंगवलेल्या लाकडी पेटीत ठेवला जातो. दहा अवतारांवर आधारलेली १२० पानांची दशावतारी गंजिफा हा त्याचा सर्वांत परिचित प्रकार होय. २०२४ मध्ये या पत्त्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. आज हे संच प्रामुख्याने संग्रहासाठी व भेटवस्तू म्हणून विकत घेतले जातात. प्रत्यक्ष खेळ मात्र फार थोड्यांना अवगत आहे.

इतिहास

गंजिफा हा शब्द फारसीतून आला. भारतातील त्याचा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रात आढळतो. सिंधमधील शाह हसन याला हा खेळ आवडत असल्याने आपण त्याच्याकडे पत्ते पाठवले, अशी नोंद बाबराने १५२७ मध्ये केली आहे. अकबराच्या दरबारातील पत्त्यांचे वर्णन अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त केले आहे. मुघल गंजिफेत आठ गट व ९६ पाने असत आणि तलवार, मुकुट, नाणी, सेवक अशी दरबारी जीवनातील चिन्हे त्यांवर रंगवली जात. पुढे हिंदू कुटुंबांत व संस्थानांत याच रचनेला देवादिकांचे रूप मिळाले. विष्णूच्या अवतारांची नावे खेळताना वारंवार तोंडी येत असल्याने हा विरंगुळा धार्मिक घरांतही निषिद्ध मानला गेला नाही.

सावंतवाडीत ही कला तिसरे खेम सावंत (कारकीर्द १७५५–१८०३) यांच्या काळात रुजली, असे परंपरेने मानले जाते. चितारी समाजातील कारागीर ती करीत. लाकडी खेळणी आणि लाखकाम यांसाठी प्रसिद्ध असलेली शहरातील चितारआळी याच समाजाच्या नावाने ओळखली जाते. याच भागात दशावतारी नाटकाची परंपरा असून जे अवतार रात्री रंगमंचावर वेश घेऊन येत, तेच दिवसा पत्त्यांवर दिसत. त्यामुळे पानावरील चित्र ओळखण्यासाठी येथील खेळाडूला अक्षरओळखीची गरज नव्हती.

एकोणिसाव्या शतकात छापील, स्वस्त ५२ पानी युरोपीय पत्ते सर्वत्र मिळू लागले आणि गंजिफेची मागणी घटली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सावंतवाडीत ही कला जाणणारे मोजकेच वृद्ध कारागीर उरले होते. संस्थानच्या राजघराण्यातील शिवरामराजे भोंसले आणि सत्वशीलादेवी भोंसले यांनी पुंडलिक चितारी या ज्येष्ठ कारागिराकडून तंत्र समजून घेतले आणि १९७१ मध्ये राजवाड्यातच लाखकामाची कार्यशाळा सुरू केली. भारतीय पत्त्यांचे संग्राहक व अभ्यासक रुडॉल्फ फॉन लायडन यांनी गंजिफेवर लिहिलेला ग्रंथ १९८२ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयाने प्रसिद्ध केला. त्यामुळे भारताबाहेरही या पत्त्यांकडे लक्ष वेधले गेले.

संचाची रचना

दशावतारी संचात दहा गट असून प्रत्येक गटात बारा पाने असतात: राजा, प्रधान आणि एक ते दहा अंकांची पाने. राजाच्या पानावर त्या अवताराचे चित्र असते. अंकाच्या पानांवर अवताराचे चिन्ह तितक्या वेळा काढलेले असते. मत्स्यासाठी मासा, कूर्मासाठी कासव, वामनासाठी कमंडलू, परशुरामासाठी परशू, रामासाठी बाण अशी ही चिन्हे आहेत. वराह, नृसिंह व बुद्ध यांच्या चिन्हांत संचागणिक फरक आढळतो. प्रत्येक गटाची पार्श्वभूमी वेगळ्या रंगाची असल्याने पाने हातात पंख्यासारखी धरली, तरी गट चटकन ओळखता येतो.

या रचनेतच कारागिराच्या श्रमाचे माप आहे. एका गटातील अंकपानांवर ५५ चिन्हे येतात, म्हणजे पूर्ण संचात ५५०. त्याशिवाय वीस राजा-प्रधानांची चित्रे. ही सर्व कुंचल्याने, एकेक करून काढावी लागतात आणि एक पान बिघडले तरी संच अपुरा राहतो.

मुघल व दशावतारी प्रकारांखेरीज नऊ ग्रहांवर आधारलेली १०८ पानी नवग्रह गंजिफाही आहे. ओडिशातील गंजपा आणि पश्चिम बंगालमधील विष्णुपूरचे दशावतार ताश ही याच कुळातील भावंडे होत.

निर्मिती

पारंपरिक पद्धतीत कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकमेकांवर चिकटवून वाळवले जातात. खळीमुळे पानाला ताठपणा येतो. त्यानंतर पृष्ठभाग गुळगुळीत होईपर्यंत दगडाने घोटतात, गोल चकत्या कापतात, पार्श्वभूमीचा रंग देतात व बारीक कुंचल्याने चित्र काढतात. अखेरीस लाखेचा लेप दिला जातो. त्यामुळे पान चमकते आणि खेळताना हाताच्या घामापासून व कोकणातील दमट हवेपासून त्याचे रक्षण होते. मागील बाजू एकाच रंगाची, बिनचित्राची ठेवतात. तिच्यावर लहानशी खूण राहिली, तरी पान उलट्या बाजूने ओळखता येऊन खेळ बिघडतो.

राजदरबारांसाठीचे संच हस्तिदंत किंवा कासवाच्या पाठीवरही रंगवले जात. सामान्य ग्राहकांसाठीचे कागदी संच ‘बाजार’ म्हणून आणि उंची संच ‘दरबारी’ म्हणून ओळखले जात.

खेळण्याची पद्धत

दशावतारी गंजिफा बहुधा तिघे खेळतात आणि प्रत्येकास ४० पाने मिळतात. दिवसा ज्याच्याकडे रामाचा राजा असेल तो, आणि रात्री ज्याच्याकडे कृष्णाचा राजा असेल तो, खेळास प्रारंभ करतो. प्रत्येक गटात राजा सर्वश्रेष्ठ व त्याखाली प्रधान असतो. पाच गटांत दहा हे अंकपान सर्वांत वरचे असते, तर उरलेल्या पाच गटांत क्रम उलटा होऊन एक्का वरचढ ठरतो. इतर गटांवर मात करणारा हुकमाचा गट या खेळात नसतो. कोणती पाने पडून गेली व आता कोणते पान सर्वांत मोठे ठरेल, हे लक्षात ठेवण्यावरच जय अवलंबून असतो. ज्याचे हात अधिक तो जिंकतो.

१२० पाने आणि दोन परस्परविरोधी क्रम ध्यानात ठेवणे नवख्याला जड जाते. घरातील वडीलधाऱ्यांसोबत बसून शिकण्याची रीत मोडल्यावर नियमांचे ज्ञान चित्रकलेपेक्षा अधिक वेगाने विरळ होत गेले.

सद्यस्थिती

गंजिफेची चित्रशैली आता पेट्या, फर्निचर व गृहसजावटीच्या अन्य वस्तूंवरही वापरली जाते. या मागणीमुळे कारागिरांना काम मिळते, मात्र अशा वस्तूंवर बहुधा राजाचे चित्र तेवढे उतरते; अंकपाने आणि त्यांचा क्रम मागे पडतो. सावंतवाडीत नेहमीच्या ५२ पानी पत्त्यांचे संचही गंजिफा शैलीत रंगवले जातात. त्यांत किल्वर, बदाम, चौकट आणि इस्पिक ही चिन्हे असल्याने ग्राहकाला नवे नियम शिकावे लागत नाहीत.