ॲव्हरेज किती देते?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

चतुर्थीच्या सकाळी लेण्याद्रीच्या पायथ्याशी जरा वेळ उभे राहा. वर तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून गिरिजात्मजाचं दर्शन घ्यायचं असतं, म्हणून खाली प्रत्येकाला आपली गाडी लावावी लागते. हातात दुर्वा, नारळ आणि नजर शेजारच्याच्या मोटारसायकलवर! अनोळखी माणसं एकमेकांना नाव विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत. विचारतात एकच, "ॲव्हरेज किती देते?"

हा प्रश्न आपल्याला इतका सवयीचा झाला आहे की, त्यालाही एक इतिहास आहे हे ध्यानात येत नाही. गाडी निवडणं ही आवडीनिवडीची, स्वभावाची गोष्ट आहे असं आपण मानतो. पण निवडायला आधी दोन गोष्टी समोर असाव्या लागतात. आपल्याकडे त्या फार उशिरा आल्या.

जुन्नरला वाहनाच्या हौसेची जुनी परंपरा आहे. 1470च्या सुमारास अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी चौलला उतरून घाट चढून जुन्नरला आला. बरोबर एक घोडा होता, समुद्रापलीकडून आणलेला. त्यानं पावसाळा इथेच काढला आणि इथल्या चिखलाबद्दल लिहून ठेवलं. जुन्नरच्या खानाला तो घोडा आवडला आणि त्यानं तो काढून घेतला. धर्म बदललास तर परत देतो, अशी अट घातली. खुरासानच्या एका वजनदार गृहस्थानं रदबदली केली तेव्हा कुठे घोडा सुटला. पुढे निकितीननं तो बीदरला विकला. पुढे 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी जुन्नरवर छापा घातला. त्या लुटीत रोकड होती तसे दोनशे घोडेही होते. चांगलं जनावर ज्याच्या दाराशी, त्याच्याकडे गावाचं लक्ष, ही रीत इथे मोटारसायकलच्या आधीची आहे.

आता एकदम परवान्यांच्या काळात येऊ. कारखान्यानं वर्षाला किती गाड्या बनवायच्या हे दिल्लीत ठरत असे. पुण्याजवळ आकुर्डीला बजाजच्या स्कूटर तयार होत. 1972 साली आलेल्या 'चेतक'ला तर राणा प्रतापाच्या घोड्याचंच नाव दिलेलं. पण ती मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागे. मुलगी झाली की नोंदणी करून ठेवावी, म्हणजे लग्नात जावयाला देता येईल, असा विनोद त्या काळी चाले. तो पुरता विनोदही नव्हता. जुनी स्कूटर नव्याहून महाग विकली जाई. वरच्या पैशांना 'ऑन' म्हणत. अशा वेळी कोण म्हणणार, मला अमुकच गाडी आवडते? जी मिळाली ती आवडती.

मोटारसायकलींचं तेच. बुलेट, मैसूरला 1961 पासून बनणारी जावा (हिचंच पुढे येझदी झालं) आणि एस्कॉर्ट्सची राजदूत, एवढ्यात संपलं. येझदीचं एक वैशिष्ट्य सांगायलाच हवं. किकचाच दांडा गाडी चालू झाली की पुढे ढकलायचा, तोच गिअरचा. परक्या माणसाला गाडी चालू करता यायची नाही, असं तिचे मालक अभिमानानं सांगत. राजदूत मात्र गरीब गाय. पोलंडच्या एका गाडीवरून घेतलेली, 175 सीसी, तीन गिअर. धर्मेंद्र तिची जाहिरात करी आणि आमच्याकडे दूधवाले तिच्यावर दोन्ही बाजूंना कॅन लटकवत.

आणि 1983 साली त्याच एस्कॉर्ट्सनं त्याच राजदूत नावानं एक अजब प्रकरण बाजारात आणलं. जपानच्या यामाहाची आरडी 350. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, 347 सीसी, सहा गिअर, सुमारे तीस अश्वशक्ती. त्या वेळची साडेतीनशेची बुलेट अठराची! 'हिरो' चित्रपटात जॅकी श्रॉफ तिच्यावर बसला आणि गावोगावच्या पोरांची झोप उडाली.

आमच्या घरातली गोष्ट सांगतो. आमचं घर गोळेगावच्या शिवारात. माझा थोरला चुलतभाऊ, त्याला आम्ही सगळे दादा म्हणतो. 1987 साली कांद्याचे पैसे आले. दादानं चुलत्यांना विचारलं, "अण्णा, पुण्यात एक जुनी राजदूत मिळतेय. घेऊ का?" अण्णांच्या डोळ्यांपुढे दूधवाल्याची राजदूत. ते म्हणाले, "घे की. कॅन लावायला कड्या करून घे येतानाच."

दोन दिवसांनी संध्याकाळी ओढ्यापलीकडूनच आवाज आला. गोठ्यातल्या म्हशी उठून उभ्या राहिल्या. अंगणात निळा धूर आणि जळक्या तेलाचा वास. अण्णांनी गाडीला एक चक्कर मारली. टाकीवर नाव वाचलं. राजदूतच होतं. मग त्यांनी तोच प्रश्न विचारला. दादा म्हणाला, "पंचवीस." अण्णा म्हणाले, "आणि कड्या?"

महिनाभर अण्णा त्याच्याशी बोलले नाहीत. मला त्यांची बाजू आजही पटते. कारण मधल्या दोन-तीन वर्षांत सगळा बाजार पालटला होता. सरकारनं परदेशी कंपन्यांशी भागीदारीला वाट मोकळी केली आणि 1984 ते 1986 या काळात इंड-सुझुकी, हिरो होंडा, यामाहा आरएक्स 100, कावासाकी-बजाज अशा शंभर सीसीच्या चार जपानी वळणाच्या गाड्या रांगेनं आल्या. त्यातली 1985ची हिरो होंडा सीडी 100 फोर-स्ट्रोक. लिटरला ऐंशी किलोमीटरची जाहिरात. जुन्नरहून नारायणगावच्या बाजाराला जाऊन-येऊन तीस किलोमीटर होतात. दादाला सव्वा लिटर लागे, हिरो होंडावाल्याला अर्धा लिटरही नाही. रोज जाणाऱ्या माणसाला हा हिशेब डोळ्यांआड करता येत नाही.

मी स्वतः नोकरी लागल्यावर हिरो होंडाच घेतली. तिनं मला वाटेत कधी सोडलं नाही. ग्रामसेवक, शिक्षक, दवाखान्यातले कंपाउंडर, सगळ्यांना या गाड्यांनी तालुकाभर फिरवलं, हे ऋण मोठं आहे. 'लोकांना फक्त मायलेज कळतं' असं नाक मुरडून बोलणारे शहरी शौकीन भेटतात तेव्हा मला राग येतो. पेट्रोल स्वतःच्या खिशातून भरलं की कळतं.

पण दादाची निवड वेडेपणाची होती, हेही मला मान्य नाही. त्या गाडीनं त्याच्याकडून काम करून घेतलं. दोन कार्बोरेटर, दोन्ही एका सुरात आणावे लागत. पॉइंटमधली फट बिघडली की गाडी थडथडे. बॅटरी उतरली की हटून बसे. जपानी गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता, इथे मात्र ड्रम. त्यामुळे खेडच्या घाटात उतरताना वेग आधीच मोडावा लागे. दादा सांगे, "वळण दिसल्यावर ब्रेक दाबणारा हिच्यावर बसू नये. वळण आठवायचं असतं." आठवी नापास माणूस, पण इंजिनाचा आवाज ऐकून कुठल्या बाजूचा प्लग काळा पडलाय ते सांगू लागला. पुढे त्यानं गावात गॅरेज टाकलं आणि अण्णांचं म्हातारपण त्याच गॅरेजवर निघालं. अण्णा उन्हाला तिथेच खुर्ची टाकून बसत. कड्यांचा विषय मात्र दोघांनी पुन्हा काढला नाही.

आरडी चालली नाही. कंपनीनं पेट्रोल कमी लागावं म्हणून ताकद उतरवून 27 अश्वशक्तीची आवृत्ती काढून पाहिली. म्हणजे शौकिनाला ती कमी वाटली आणि हिशेबी माणसाला जास्तच! दशक सरता सरता उत्पादन थांबलं. 1996 साली धुराचे नियम कडक झाले. त्याच वर्षी आरएक्स 100 बंद झाली आणि मैसूरचा येझदीचा कारखानाही. तिथून पुढे दादाची पुण्याची वारी सुरू झाली. नाना पेठेतली स्पेअर पार्टची दुकानं, रविवारी जुना बाजार. पिस्टन रिंग मिळाल्या म्हणून पेढे वाटलेला मी पाहिलेला एकमेव माणूस तो.

याच रस्त्यावर चाकणला 1999 पासून बजाजचा कारखाना आहे. 2001 साली पल्सर आली, तेव्हा तरण्या पोरांना ताकद आणि परवडणारं पेट्रोल प्रथमच एका गाडीत मिळालं. 2011 पासून ऑस्ट्रियाच्या केटीएमची ड्यूकही तिथे बनू लागली आणि जगभर जाऊ लागली. ज्या जिल्ह्यात स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे, तिथून रंगेल गाड्या परदेशी निघाल्या. येझदी हे नावही 2022 मध्ये नव्या गाड्यांवर परतलं.

दादा आता साठीपार आहे. चतुर्थीला अजून त्याच गाडीवर येतो. पायऱ्या मात्र आता त्याला चढवत नाहीत. खालूनच हात जोडतो आणि गाडीपाशी थांबतो. मागच्या खेपेला मी दर्शन घेऊन उतरलो, तर ड्यूकवाली दोन पोरं गाडीभोवती घुटमळत होती. एकानं टाकीवरचं नाव वाचलं, इंजिनाकडे वाकून पाहिलं आणि विचारलंच, "काका, ॲव्हरेज किती देते?"

दादानं किक खाली घेतली. "पंचवीस," तो म्हणाला. "आणि दुधाच्या कॅनला कड्या नाहीत."