पहाटेचा भोंगा आणि हवेचं झाकण

हिवाळ्यातली पहाट आहे. परभणीजवळच्या पिंगळीत तुम्ही गोधडीत आहात आणि लांबून रेल्वेचा भोंगा अगदी स्पष्ट ऐकू येतो. दुपारी तसाच भोंगा वाजतो, पण लक्षातही येत नाही. पहाटे गलका कमी असतो, हे एक कारण. दुसरं कारण हवेत आहे.

रात्री जमीन गार होते, तिला लागून असलेली हवाही गार होते आणि वर उबदार थर राहतो. वर निघालेला आवाज त्या थरात वाकून पुन्हा खाली येतो. शहरात हाच थर झाकण होतो आणि धूर खाली कोंडून ठेवतो.

हे झाकण दिसत नाही. मग त्याचा माग काढायचा कसा? आवाजानंच!

1873 मध्ये जॉन टिंडल इंग्लंडच्या किनाऱ्यावर जहाजांसाठीचे भोंगे तपासत होते. समोर मोकळा समुद्र, तरी प्रतिध्वनी यायचा. म्हणजे हवाच आवाज परतवत होती. 1946 मध्ये अमेरिकेत गिलमन, कॉक्सहेड आणि विलिस यांनी आवाज थेट वर सोडून प्रतिध्वनी टिपला. 1968 मध्ये ऑस्ट्रेलियात मॅकॲलिस्टर यांनी त्या प्रतिध्वनींचं चित्र कागदावर उमटवलं. अशा यंत्राला म्हणतात सोडार.

काम सोपं आहे. आवाज सोडायचा आणि कान लावून बसायचं. दोन सेकंदांनी प्रतिध्वनी आला, तर तो साधारण 340 मीटर उंचीवरून आला. परतलेला स्वर किती चढला किंवा उतरला, यावरून वारा कळतो.

भारतात 1970 च्या दशकात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत एस. पी. सिंगल आणि सहकाऱ्यांनी हे काम उभं केलं. पुढे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतही सोडार आलं. अडचण एकच, शहराचा गोंगाट! म्हणून यंत्राभोवती आवाज शोषणाऱ्या भिंती लावतात.

एवढा खटाटोप कशासाठी? डिसेंबर 1984 ची भोपाळची रात्र आठवा. गार, स्थिर हवेत विषारी वायू वर विरला नाही, जमिनीलगत वस्त्यांमध्ये पसरला. सोडारनं गळती थांबली नसती. पण झाकण किती उंचीवर आहे हे ठाऊक असेल, तर धूर कुठे कोंडेल याचा अंदाज आधी बांधता येतो.

उद्या पहाटे लांबचा भोंगा जवळ वाटला, तर समजा, वर झाकण बसलंय. शेकोटीचा धूरही बघा, आडवा पसरलेला दिसेल. भेटू पुढच्या भागात!