खानदेशातील शेतीशिक्षण आणि अनुदानाचा ओघ

खानदेशातील शेतीशिक्षणाचा इतिहास लिहिताना कोणती संस्था केव्हा स्थापन झाली एवढेच सांगून भागत नाही. तिच्यासाठी आलेला पैसा कोणापासून वसूल झाला आणि तो कोणत्या बाबीवर खर्च झाला, हे दोन प्रश्न विचारल्याखेरीज त्या इतिहासाचा अर्थ लागत नाही. शेतीशिक्षणासाठी दिलेले अनुदान मुख्यत्वे तीन बाबींवर खर्ची पडू शकते : इमारत व शिक्षक, पिकाचे संशोधन, आणि शिकणाऱ्या मुलाचा निर्वाह. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले व त्यांनाच पुढे जळगाव आणि धुळे ही नावे मिळाली. या प्रदेशात पहिल्या दोन बाबींसाठी पैसा कमीअधिक प्रमाणात मिळत गेला. तिसरी बाब मात्र बहुतेक वेळा उपेक्षित राहिली. शेतकऱ्याच्या मुलाचे शिक्षण प्रायः याच तिसऱ्या बाबीवर अडते, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मुंबई इलाख्यात १८६३ नंतर शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून घेतला जाऊ लागला व १८६९ च्या कायद्याने त्याला रीतसर अधिष्ठान मिळाले. या फंडाचा तृतीयांश शाळांसाठी राखून ठेवलेला असे. म्हणजे खेड्यातील शाळेचा खर्च मोठ्या प्रमाणात शेत कसणाराच देत होता. तथापि या शाळांत जे शिकविले जाई ते वाचन, लेखन व हिशेब. त्याचा उपयोग कारकुनीकडे किंवा दुकानदारीकडे वळणाऱ्यास अधिक होता, नांगर धरणाऱ्यास कमी. ही विसंगती जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे ठेवलेल्या निवेदनात स्पष्टपणे मांडली. लोकल फंडाचा निम्मा तरी भाग प्राथमिक शिक्षणास द्यावा, अभ्यासक्रमात शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे आणि शक्य तेथे शाळेला लहानसे नमुन्याचे शेत जोडावे, अशा त्यांच्या सूचना होत्या. ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाचा विषयही शेतकऱ्याकडून घेतलेला पैसा त्याच्या मुलांपर्यंत परत पोहोचत नाही, या तक्रारीशी निगडित आहे.

सरकारचे लक्ष त्या काळी शेतकऱ्यापेक्षा त्याच्या पिकाकडे अधिक होते. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध सुरू झाले, तेथील कापूस इंग्लंडातील गिरण्यांना मिळेनासा झाला आणि खानदेशच्या काळ्या जमिनीला एकाएकी महत्त्व आले. आखूड धाग्याच्या स्थानिक कापसाऐवजी हिंगणघाटचे बियाणे रुजविण्याचा उद्योग जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी केला आणि गिरणाकाठी भडगाव येथे सरकारी प्रयोगक्षेत्र सुरू झाले. याच युद्धाच्या धामधुमीत, १८६२ साली, अमेरिकन काँग्रेसने मॉरिल कायदा संमत करून दर प्रतिनिधीमागे तीस हजार एकर या प्रमाणात राज्यांना जमीन दिली व तिच्या उत्पन्नातून शेती आणि यंत्रविद्या शिकविणारी महाविद्यालये काढण्यास सांगितले. त्या जमिनी पुष्कळ ठिकाणी मूळ रहिवाशांपासून हिरावून घेतलेल्या होत्या, ही गोष्ट विसरता येत नाही. तरीही एकाच युद्धाच्या काळात तेथे शेतीच्या शिक्षणासाठी कायमचा निधी निर्माण झाला आणि खानदेशात बियाण्याचे प्रयोग झाले, हा फरक लक्षणीय आहे.

पुणे येथे १९०७ साली स्वतंत्र शेती महाविद्यालय आकारास आले व डॉ. हॅरोल्ड मॅन त्याचे प्राचार्य झाले. महाविद्यालयात येणारा विद्यार्थी इंग्रजी शिकलेला असे; खेड्यातील मुलाला तो दरवाजा बंद होता. त्याच्यासाठी पुणे जिल्ह्यात लोणी येथे मराठी माध्यमाची शेतकी शाळा निघाली आणि त्याच धर्तीची शाळा पुढे धुळ्यासही झाली. या शाळांचे वैशिष्ट्य म्हणजे मराठी प्राथमिक शिक्षण झालेली मुले तेथे राहत, शेतात काम करीत व शिकत. त्यांच्या राहण्याजेवण्याचा भार संस्था उचलीत असे. बारा-चौदा वर्षांचा मुलगा म्हणजे शेतकरी कुटुंबातील एक राबता हात. तो शाळेत गेला की कापूसवेचणीला आणि गुरांमागे दुसरा माणूस लावावा लागतो. फी माफ केल्याने ही तूट भरून येत नाही. निदान त्याच्या जेवणाचा खर्च घरावरून उतरला, तरच बाप त्याला पाठवू शकतो. लोणीच्या नमुन्यात ही जाणीव होती.

परंतु हा नमुना टिकाव धरू शकला नाही. १९२६ ते १९२८ या काळात काम केलेल्या लिनलिथगो आयोगाने लोणीची पद्धती आणि पंजाबची पद्धती यांची तुलना करून दुसरीला पसंती दिली. पंजाबात सर्वसाधारण शाळेतच शेती हा एक विषय म्हणून शिकविला जाई. ही व्यवस्था कमी खर्चाची होती व अधिक मुलांपर्यंत जाऊ शकत होती, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि तिच्यात अनुदान शिक्षकापर्यंत येऊन थांबत होते. मुलाच्या निर्वाहाचा प्रश्न पुन्हा बापाच्या पदरी आला.

पिकाच्या संशोधनाला मात्र स्थिर उत्पन्न मिळाले. १९२३ च्या कापूस उपकर कायद्यान्वये ४०० रत्तलांच्या गाठीमागे प्रथम चार व नंतर दोन आणे घेऊन ती रक्कम भारतीय मध्यवर्ती कापूस समितीकडे जाऊ लागली. समितीच्या साहाय्याने जळगाव येथे कापूस पैदाशीचे काम झाले आणि मर रोगाला दाद न देणारा ‘जरीला’ हा वाण तेथून बाहेर पडला. त्याने खानदेशच्या शेतकऱ्याचे हित झाले, यात संशय नाही. समिती शिष्यवृत्त्याही देत असे. पण त्या पदवीधर संशोधकांसाठी होत्या.

खाजगी देणग्यांचा ओघही याहून निराळा नव्हता. अमळनेरचे प्रताप शेठ यांच्या औदार्याने तत्त्वज्ञान मंदिर व प्रताप हायस्कूल उभे राहिले. १९४५ साली अमळनेरास प्रताप महाविद्यालय व जळगावास मूळजी जेठा महाविद्यालय स्थापन झाले. या संस्थांनी खानदेशाचे जीवन समृद्ध केले. मात्र कापसाच्या या मुलखात शेती महाविद्यालय यावयास १९६० साल उजाडावे लागले. ते धुळे येथे निघाले आणि १९६८ साली राहुरी येथे स्थापन झालेल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा भाग झाले. या विद्यापीठाला फुल्यांचे नाव मिळाले हे उचितच होय. परंतु पदवी घेतलेल्या तरुणाची दृष्टी स्वाभाविकपणे सरकारी खाते, बँक किंवा बियाणे कंपनी यांकडे वळते. स्वतःच्या शेतावर परतू इच्छिणाऱ्यासाठी कृषी विज्ञान केंद्रांची योजना पुढे आली. देशातील पहिले केंद्र १९७४ साली पुदुच्चेरी येथे निघाले. खानदेशात धुळे, ममुराबाद व सातपुड्याच्या पायथ्याचे पाल येथे अशी केंद्रे झाली. त्यांचे वर्ग अल्पमुदतीचे असतात. शेतकऱ्याला घर सोडून दीर्घकाळ राहता येत नाही, ही जुनीच अडचण त्या मुदतीत दिसून येते.

अलीकडील काळात दोन नवे प्रवाह दिसतात. २०१४ साली सुरू झालेल्या ‘फाली’ या उपक्रमात शेतीशी संबंधित कंपन्यांच्या पैशातून महाराष्ट्रातील ग्रामीण माध्यमिक शाळांत शेतीचे शिक्षण दिले जाते. त्याची संमेलने जळगावच्या जैन हिल्सवर भरली आहेत. शाळेत शेती हा मूळचा पंजाबी विचारच येथे नव्या निधीने पुढे आला आहे. दुसरा प्रवाह २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचा. तीत शासनाने प्रशिक्षणार्थीच्याच हाती दरमहा सहा, आठ किंवा दहा हजार रुपये, शिक्षणाच्या मानाने, देण्याचे ठरविले. निर्वाहाचे तत्त्व अशा रीतीने पुन्हा मान्य झाले. परंतु ते उद्योग, आस्थापना व कार्यालये यांतील उमेदवारीसाठी. बापाच्या शेतात ठिबक बसविण्यास किंवा केळीची बाग सुधारण्यास शिकणारा मुलगा त्या व्याख्येत बसत नाही.

या सर्व वृत्तान्तावरून एक गोष्ट निष्पन्न होते. खानदेशात शेतीशिक्षणासाठी पैसा नव्हता असे म्हणता येत नाही. साऱ्यावरील आणा आणि गाठीवरील उपकर या दोन्ही रूपांनी तो बव्हंशी शेतातूनच निघत होता. उणीव होती ती त्याच्या वाटणीत. इमारत उभी राहिली, वाण सुधारले, शिक्षकाला वेतन मिळाले. परंतु मुलगा शिकत असताना त्याच्या घरचे काम कोण करणार, या प्रश्नासाठी लोणी-धुळ्याच्या शाळांनंतर अंदाजपत्रकात क्वचितच रकाना राहिला. पुढील काळातील कोणत्याही अनुदानाची कसोटी त्या रकान्यात काय लिहिले आहे, यावरच लावावी लागेल.